व्याख्यानाकडून गटचर्चेकडे: नव्या वैद्यकीय शिक्षकाने विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कसा घ्यावा आणि कसा वाचावा

एम.डी. पूर्ण करून शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, विकृतिशास्त्र अशा एखाद्या विभागात ट्यूटर किंवा सहायक प्राध्यापक म्हणून नव्याने रुजू झालेल्या आणि पहिल्याच महिन्यात ‘व्याख्याने कमी करा, विद्यार्थ्यांना बोलते करा’ अशी सूचना मिळालेल्या तरुण डॉक्टरांसाठी हा लेख आहे. इंदूरमधल्या मराठी घरांतून या कामाकडे वळलेले काही जण माझ्या ओळखीचे आहेत. घरी मराठी, रुग्णाशी हिंदी किंवा निमाडी आणि फळ्यावर इंग्रजी अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो, आणि कसे शिकवायचे हे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते. आपल्याला ज्यांनी शिकवले त्यांच्यासारखे आपण शिकवू लागतो, आणि त्यात बदल करायची वेळ आली की विद्यार्थ्यांची पहिली नाराजी पाहूनच माघार घेतो.

माझ्याबाबतीत हेच झाले. शिकवण्याच्या पहिल्या वर्षी मी दीडशे विद्यार्थ्यांचे दहा गट केले, प्रत्येक गटाला दोन पानांची इंग्रजी केस दिली आणि तासभर चर्चा करायला सांगितले. आधी काहीही वाचायला दिलेले नव्हते. अर्ध्या गटांत सगळे एकमेकांकडे पाहत राहिले आणि शेवटी जमा केलेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेकांवर एकाच अर्थाचे वाक्य होते: ‘मॅम, आप ही पढ़ा दीजिए।’ मला ते फार लागले. पुढचे संपूर्ण वर्ष मी पुन्हा व्याख्यानेच दिली. त्या चिठ्ठ्या मी दीड वर्षांनी पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आले की विद्यार्थ्यांनी पद्धत नाकारली नव्हती. तयारीशिवाय, परक्या भाषेत आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायची सोय नसताना बोलायला लावल्याबद्दल त्यांनी तक्रार केली होती. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद हे रुग्णाने सांगितलेल्या दुखण्यासारखे असते. ते खरे असतेच, पण ते निदान नसते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

पायरी पहिली: आपण नेमके काय बदलत आहोत हे आधी ओळखावे

पारंपरिक पद्धत म्हणजे शिक्षक बोलतो आणि विद्यार्थी ऐकून टिपून घेतात. सक्रिय पद्धत म्हणजे तासाच्या वेळेत विद्यार्थ्याला काहीतरी सोडवावे, ठरवावे, लिहावे किंवा दुसऱ्याला समजावून सांगावे लागते. या दुसऱ्या प्रकारात अनेक रीती येतात. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये समस्येवर आधारित अध्ययन सुरू झाले, ज्यात लहान गट एखाद्या रुग्णाच्या समस्येपासून सुरुवात करून आपल्याला काय माहीत नाही ते स्वतः शोधून काढतो. संघावर आधारित अध्ययन १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेल्सन यांनी व्यवस्थापनाच्या वर्गासाठी उभे केले. त्यात प्रत्येकाने आधी एकट्याने आणि मग गटाने तीच चाचणी सोडवायची असते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून शेजारच्या विद्यार्थ्याशी चर्चा करून उत्तर बदलण्याची संधी देणारी पद्धत वापरली. वाचन किंवा व्हिडिओ घरी आणि प्रश्न वर्गात, या उलट्या क्रमाला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात.

यात परदेशी किंवा अगदी नवीन असे फार थोडे आहे. वॉर्डात खाटेभोवती उभे राहून ‘प्लीहा (पानथरी) हाताला लागते का, सांग पाहू’ असे विचारणारे शिक्षक आपल्या सर्वांना भेटलेले आहेत, आणि शिकलेल्यातले सर्वांत पक्के आठवते ते बहुधा त्या खाटेजवळचेच. इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाच्या वॉर्डात जे चालत आले आहे, त्याचा काही भाग पहिल्या वर्षाच्या वर्गात आणायचा आहे, इतके समजून घेतले तरी भीती बरीच कमी होते.

नियमांचीही माहिती हवी. एम.बी.बी.एस.चा क्षमताधारित अभ्यासक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या बॅचपासून देशभर लागू झाला, आणि त्यात व्याख्याने एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत, उरलेला वेळ संवादी तास, प्रात्यक्षिके, क्लिनिक आणि गटचर्चा यांना द्यावा, अशी अपेक्षा ठेवली गेली. म्हणून ‘हे प्रयोग नव्या लोकांचे खूळ आहे’ असे एखादे ज्येष्ठ सहकारी म्हणाले तर वाद न घालता वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवावे. प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण एकक असते. तेथील मूलभूत प्रशिक्षण पहिल्याच वर्षी करून घ्यावे.

पायरी दुसरी: विषय निवडावा, आणि एकच निवडावा

सगळा अभ्यासक्रम उलटवण्याचा मोह टाळावा. एका सत्रात दोन, फार तर तीन तास सक्रिय पद्धतीने घ्यावेत. जिथे कारण आणि परिणाम यांची साखळी आहे, रुग्णाशी थेट नाते आहे आणि विद्यार्थ्यांची चूक ठरावीक ठिकाणी होते, असा विषय चर्चेला चांगला. जिथे विद्यार्थ्याकडे मुळात काहीच सामग्री नाही, उदाहरणार्थ चेतापेशीतील विद्युत्‌विभवाची पहिली ओळख किंवा भ्रूणविज्ञानाचा पहिला आठवडा, तिथे नीट बांधलेले व्याख्यानच द्यावे. नवख्या माणसाला नकाशा न देता रानात सोडले तर तो शोध घेत नाही, हरवतो. चांगल्या व्याख्यानाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो कमी होण्याचे काहीही कारण नाही.

आपल्या भागासाठी मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची केस सुचवते. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, धार या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांत हा आजार आढळतो, तेथील रुग्ण इंदूरला येतात आणि सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे सुरू झाले. वर्गातील काही विद्यार्थी त्याच जिल्ह्यांतून आलेले असतात. मात्र त्यांच्या घरी हा आजार असू शकतो, हे लक्षात ठेवूनच भाषा वापरावी आणि कोणालाही ‘तुमच्याकडे असते ना’ असे विचारू नये.

केस एकदम देऊ नये, तीन तुकड्यांत द्यावी. पहिला तुकडा पाच ओळींचा असावा: अलीराजपूर जिल्ह्यातील बारा वर्षांची मुलगी, डिसेंबरमधील थंडीत दोन दिवसांपासून हातापायांची हाडे असह्य दुखत आहेत, डोळे पिवळसर आहेत, यापूर्वीही असे दोनदा झाले आहे. येथे थांबून विचारावे की पिवळेपणा आणि हाडांचे दुखणे या दोन गोष्टी एकाच धाग्यात कशा बसतील. दुसऱ्या तुकड्यात हिमोग्लोबिन, बिलिरुबिन (काविळीतील पिवळे द्रव्य), रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी) यांचे आकडे आणि रक्ताच्या काचपट्टीचे चित्र द्यावे. आता विद्यार्थ्यांनी स्वतः म्हणावे की लाल पेशी वेळेआधी फुटत आहेत; १२० दिवसांचे आयुष्य असलेली पेशी या आजारात १० ते २० दिवसच जगते, हे ऐकल्यावर अशक्तपणा आणि कावीळ यांचा हिशेब त्यांना स्वतःला मांडता येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, हा जीवरसायनशास्त्राचा भाग येथेच जोडावा. थंडी, पाण्याची कमतरता, जंतुसंसर्ग आणि दमछाक यांनी दुखणे का उसळते, हे मग पाठ करावे लागत नाही.

या केसमधील दोन प्रश्न मला विशेष प्रिय आहेत. पहिला असा: जनुक जन्मापासून असूनही पहिले काही महिने बाळाला त्रास का झाला नाही? उत्तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये आहे, त्याचे प्रमाण उतरत गेल्यावर सहा महिन्यांच्या आसपास लक्षणे दिसू लागतात, आणि हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन वाढवते. जो गट हे स्वतः शोधतो त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद व्याख्यानात कधी दिसत नाही. दुसरा प्रश्न तिसऱ्या तुकड्यातला आहे. तपासताना मुलीची प्लीहा मोठी लागते, पण पुस्तकात तर या वयापर्यंत प्लीहा आक्रसून जाते असे लिहिलेले असते. भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकीय प्रकारात गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने जास्त राहते आणि प्लीहा अनेकदा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते. पुस्तक दुसऱ्या भूभागातील रुग्णांवर लिहिलेले असू शकते आणि समोरचा रुग्ण त्याहून वेगळा असू शकतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकदा तरी असे स्वतःच्या डोक्याने जाणवले पाहिजे.

शेवटी वंशावळ काढायला सांगावी. आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांतही सदोष जनुकाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते. ‘चार मुलांत एकाला होणार, पहिल्याला झाला म्हणजे पुढचे तिघे सुटले’ ही चूक दरवेळी निघते, आणि ती वर्गात निघालेलीच बरी, कारण हाच गैरसमज पुढे समुपदेशनात एखाद्या आईला सांगितला जाऊ शकतो.

पायरी तिसरी: तासाची आखणी आणि जागा

लेक्चर थिएटरचे बाक जमिनीला ठोकलेले असतात, म्हणून गटचर्चा होत नाही, ही तक्रार अर्धवट खरी आहे. एका बाकावरील तिघांनी मागे वळून मागच्या तिघांशी बोलायचे, असे ठरवले की सहा जणांचा गट तयार होतो. पंधरा-पंधरा जणांचे गट करू नयेत. त्यात दोघे बोलतात आणि तेरा जण ऐकतात, म्हणजे व्याख्यानच होते, फक्त वक्ता बदलतो.

साठ मिनिटांचे माझे वाटप असे असते. दोन दिवस आधी चार पाने वाचायला आणि दहा मिनिटांचा एक व्हिडिओ पाहायला दिलेला असतो. पहिली पाच मिनिटे आज असे का करत आहोत हे सांगण्यात जातात. पुढच्या सात मिनिटांत प्रत्येकाने एकट्याने पाच प्रश्नांची उत्तरे लिहायची, मग तेच प्रश्न गटाने सोडवायचे. त्यानंतर केसचे तीन तुकडे, प्रत्येकी दहा मिनिटे. शेवटची दहा मिनिटे शिक्षकाने स्वतः घ्यावीत आणि बरोबर उत्तर, त्याचे कारण व फळ्यावरची एक आकृती एवढे स्पष्ट द्यावे. ही दहा मिनिटे कधीही कापू नयेत. विद्यार्थी गोंधळलेले घरी गेले की वसतिगृहात रात्री जे बोलले जाते तेच दुसऱ्या दिवशीच्या प्रतिसादात उतरते.

पायरी चौथी: कष्ट आणि समज यांतील फरक विद्यार्थ्यांना आधीच सांगावा

ही पायरी सगळ्यांत कमी वेळ घेते आणि सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते. २०१९ मध्ये हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सक्रिय तास झालेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण किती शिकलो असे विचारल्यावर त्यांनीच स्वतःला कमी गुण दिले. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळे सोपे वाटते आणि त्या सोपेपणालाच आपण समज मानतो. स्वतः सोडवताना अडखळावे लागते आणि त्या अडखळण्याला आपण अज्ञान मानतो. त्याच अभ्यासातून असेही दिसले की हा फरक सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना समजावून सांगता येतो आणि त्याचा उपयोग होतो.

दुसरे उदाहरण मी फळ्यावर लिहूनच दाखवते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्याने मात्र चित्र उलटले: पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. हे चार आकडे पाहिल्यावर विद्यार्थी बराच वेळ काही बोलत नाहीत, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री आपण काय करतो हे त्यांना आठवत असते.

पायरी पाचवी: प्रतिसाद कसा गोळा करावा

तास संपता संपता ‘कसा वाटला तास?’ असे विचारून हात वर करायला लावणे म्हणजे प्रतिसाद नव्हे. शिक्षक समोर उभे असताना, आणि अंतर्गत गुण त्यांच्याच हातात असताना, कोणीही खरे बोलणार नाही. प्रतिसाद निनावी असावा, हजेरीशी जोडलेला नसावा आणि शक्यतो दुसऱ्या सहकाऱ्याने गोळा करावा. गूगल फॉर्म वापरत असाल तर ई-मेल पत्ता नोंदवण्याची सोय बंद करावी आणि तसे विद्यार्थ्यांना सांगावे.

प्रश्नावली हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावी. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, म्हणजे भाषेचा प्रश्न सर्वांनाच दिसत होता. तरी आपली प्रश्नावली मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच फिरत असते. ज्याला चर्चेत भाषेमुळे बोलता आले नाही, त्याला ते सांगण्यासाठीही तीच भाषा वापरायला लावणे योग्य नाही.

विधाने दहापेक्षा जास्त नसावीत आणि प्रत्येक विधानात एकच गोष्ट असावी. ‘तास मनोरंजक आणि उपयुक्त होता’ या विधानाला दिलेल्या उत्तराचा काहीही अर्थ लागत नाही, कारण तास मनोरंजक असूनही निरुपयोगी असू शकतो. मी चार गोष्टी मुद्दाम वेगळ्या विचारते: तास आवडला का, कष्ट किती पडले, विषय समजल्यासारखा वाटतो का, आणि पुढचा विषय याच पद्धतीने हवा का. या चारांची उत्तरे एकमेकांपासून फारकत घेतात तेव्हाच खरी माहिती मिळते. ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंतची पाच पायऱ्यांची मोजपट्टी, जी रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ मधील कामावरून ओळखली जाते, ती पुरेशी आहे, मात्र एकेका विधानाच्या उत्तरांची सरासरी ३.८७ अशी दोन दशांशांपर्यंत छापू नये. किती जण सहमत, किती असहमत आणि मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे उत्तर) कोणता, एवढे सांगितले तर ते अधिक खरे असते. शेवटी दोनच खुले प्रश्न ठेवावेत: कोणत्या क्षणी विषय उलगडला, आणि कोणत्या क्षणी तुम्ही मागे पडलात. ‘सूचना असल्यास लिहा’ या प्रश्नाला ‘गुड’ एवढेच उत्तर येते.

एक प्रश्नावली तासानंतर आणि तीच पुन्हा अंतर्गत परीक्षा झाल्यावर द्यावी. दोन्ही वेळच्या उत्तरांत फरक पडतो, आणि माझ्या अनुभवात तो बहुधा चर्चेच्या बाजूने पडतो.

हे सगळे पुढे शोधनिबंधासाठी वापरायचे असेल तर काम सुरू करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्यावी. ते आपलेच विद्यार्थी असल्याने त्यांना नकार देणे अवघड असते, म्हणून संमतीचा कागदही दुसऱ्याच व्यक्तीने द्यावा.

पायरी सहावी: प्रतिसाद वाचावा, मोजू नये

उत्तरे हातात आल्यावर आधी सगळी खुली उत्तरे एका बैठकीत वाचावीत आणि मगच आकड्यांकडे वळावे. काही वाक्ये दरवर्षी येतात, आणि त्यांच्यामागे काय असते हे नव्या शिक्षकाला आधीच माहीत असलेले बरे.

‘आप ही पढ़ा दीजिए’ हे वाक्य म्हणजे बहुधा ‘बरोबर उत्तर कोणते ते मला शेवटपर्यंत कळले नाही’ असे असते. बारावी आणि नीटच्या तयारीची दोन-तीन वर्षे विद्यार्थ्याने पर्यायांतून एक बरोबर उत्तर निवडण्यात घालवलेली असतात. त्याच्यासाठी उत्तराशिवाय संपलेली चर्चा हा वेळेचा अपव्यय आहे. शेवटची दहा मिनिटे नीट दिली की हे वाक्य बरेच कमी होते.

‘परीक्षेत हे विचारतात का?’ हा प्रश्न ऐकून चिडू नये, तो अगदी प्रामाणिक आहे. आपल्या लेखी परीक्षेत ‘टीप लिहा’ असा प्रश्न असेल आणि वर्गात मात्र केस सोडवून घेतली जात असेल, तर विद्यार्थ्याने वर्गाला कमी महत्त्व देणे तर्कशुद्धच आहे. अंतर्गत परीक्षेत त्याच धर्तीचे दोन प्रश्न घालणे आपल्या हातात असते, आणि त्याने प्रतिसादात जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही भाषणाने पडत नाही.

‘गटात दोघेच सगळे करतात’ ही तक्रार करणारा कोण आहे ते पाहावे. काम करणारे दोघे तक्रार करत असतील तर प्रश्न जबाबदारीचा आहे. एकट्याने सोडवलेल्या चाचणीला थोडे गुण ठेवले की तो सुटतो. गप्प राहिलेले तक्रार करत असतील तर प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. खरगोन किंवा झाबुआच्या सरकारी हिंदी शाळेतून आलेली मुलगी इंदूरच्या इंग्रजी शाळांतील पाच जणांसमोर तोंड उघडत नाही, याचा अर्थ तिला येत नाही असा नव्हे. मी एक साधा नियम केला, की गटातील चर्चा हिंदीत, मराठीत, कोणत्याही भाषेत चालेल, फक्त शेवटचे उत्तर इंग्रजी पारिभाषिक शब्दांत लिहायचे. त्यानंतर जे विद्यार्थी बोलू लागले, त्यांतील काहींचे आवाज मी वर्षभरात प्रथमच ऐकत होते. एका मुलाने प्लीहेला गावाकडे काय म्हणतात, ती दुखू लागली की घरचे काय करतात, हे इतके नेमके सांगितले की बाकीचा गट वही बाजूला ठेवून ऐकत राहिला.

‘वेळ फार जातो’ ही तक्रार मात्र जशीच्या तशी खरी मानावी. पूर्ववाचन चार पानांचे आहे असे आपण म्हणतो, पण त्याच आठवड्यात शरीररचनाशास्त्राचा भागविच्छेदनाचा टप्पा आणि जीवरसायनशास्त्राची चाचणी असते. शेजारच्या विभागांशी बोलून तारीख ठरवावी. यात काही कौशल्य नाही, फक्त फोन करण्याची तयारी हवी.

उलट बाजूही सांभाळावी. ९० टक्के विद्यार्थ्यांना तास आवडला म्हणून हुरळून जाऊ नये. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडल्या. त्यांत प्रतिक्रिया ही केवळ पहिली पातळी आहे, नंतर शिकणे, मग वागण्यातील बदल आणि शेवटी परिणाम. आपल्याकडील बरेच काम पहिल्याच पातळीवर थांबते. समस्येवर आधारित अध्ययनाचे १९९३ मधील दोन मोठे आढावे या बाबतीत शिकण्यासारखे आहेत: विद्यार्थी या पद्धतीवर अधिक खूश होते, रुग्ण हाताळण्यात बरे होते, पण मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेत काही ठिकाणी ते थोडे मागेही होते. दुसरीकडे विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या २२५ अभ्यासांचे २०१४ मध्ये एकत्र विश्लेषण झाले, त्यात नापास होण्याचे प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के आणि सक्रिय वर्गांत सुमारे २२ टक्के निघाले. ते अभ्यास वैद्यकीय महाविद्यालयांतील नव्हते, हे लक्षात ठेवूनच हे आकडे सांगावेत.

पायरी सातवी: तुलना करायचीच असेल तर अदलाबदलीने करावी

अर्ध्या बॅचला व्याख्यान आणि अर्ध्या बॅचला चर्चा असे करून थांबल्यास एका अर्ध्यावर अन्याय झाल्याची भावना राहते आणि गट मुळातच वेगळे होते की काय ही शंकाही राहते. त्यापेक्षा सिकलसेलसाठी ‘अ’ गटाला चर्चा आणि ‘ब’ गटाला व्याख्यान द्यावे, आणि पुढच्या विषयासाठी, समजा लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयासाठी, दोघांची अदलाबदल करावी. गट हजेरी क्रमांकाने न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडावेत. दोन्हीकडे शिक्षक तोच, वेळ तेवढाच आणि वाचनसाहित्यही तेच असावे. एका गटाला चार पाने आणि व्हिडिओ मिळाला आणि दुसऱ्याला काहीच मिळाले नाही, तर फरक पद्धतीचा होता की साहित्याचा हे कधीच कळणार नाही. व्हॉट्सॲपवर केसची पाने संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गटाकडे पोहोचतात, म्हणून दोन्ही गटांचे तास एकाच दिवशी लागोपाठ ठेवावेत.

चाचणी तीनदा घ्यावी: आधी, लगेच नंतर आणि चार आठवड्यांनी. लगेचच्या चाचणीत दोन पद्धतींत फारसा फरक न दिसणे किंवा व्याख्यानाचाच गट थोडा पुढे असणे शक्य आहे, आणि नवा शिक्षक इथेच निराश होतो. वरचे ८१, ७५, ४२ आणि ५६ हे चार आकडे आठवावेत आणि चौथ्या आठवड्याची वाट पाहावी. प्रश्नांतही निम्मे आठवणीचे आणि निम्मे उपयोजनाचे ठेवावेत, आणि दोन्ही प्रकारांचे गुण वेगळे मांडावेत. ‘सहाव्या जागी कोणते अमिनो आम्ल येते’ हे व्याख्यानातूनही तेवढेच कळते. ‘या मुलीला भूल देण्यापूर्वी तुम्ही कोणती काळजी घ्याल’ याचे उत्तर द्यायला मात्र ऑक्सिजन, पाणी आणि तापमान यांचा संबंध स्वतः जोडलेला असावा लागतो.

चौथ्या आठवड्याची चाचणी झाली की तिचा निकाल विद्यार्थ्यांना दाखवावा, त्यांच्या पहिल्या दिवशीच्या प्रतिसादाच्या आकड्यांशेजारी ठेवून. कोणाचेही नाव न घेता, फक्त दोन स्तंभ: ‘मला समजले असे वाटते’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी आणि प्रत्यक्ष गुण. त्यावर वीस मिनिटे त्यांना बोलू द्यावे, हव्या त्या भाषेत, आणि आपण मागच्या बाकावर बसून लिहून घ्यावे. तेथे निघालेल्या दुरुस्त्या केसच्या कागदावर त्याच संध्याकाळी करून, हिंदी प्रतीसह, पुढच्या बॅचच्या फाइलमध्ये तारीख टाकून लावून ठेवाव्यात.